बोगदा संपला की आई

आमच्या चर्चच्या मंडळीत तरुणपण वयावर नाही, लग्नावर ठरतं. बावीस वर्षांचं पोरगं लग्न लागलं की दुसऱ्याच रविवारी मागच्या बाकावर बसून गुडघेदुखीबद्दल बोलायला लागतं. आणि मी पस्तिसाव्या वर्षीही तरुण संघाचा सभासद, वर खजिनदार. त्यामुळे वेंगुर्ल्याच्या तरुण परिषदेचा फॉर्म आला, वयोगट १५ ते ३५, तेव्हा आईनेच तो आधी वाचला.

"शेवटचं वर्ष आहे," ती म्हणाली.

परिषदेचा विषय आध्यात्मिक होता. आईचा नव्हता.

पिशवीत तिने पवित्र शास्त्र, चादर, डासांची कॉइल, इस्त्रीचा सदरा आणि आंघोळीचा तांबडा मग भरला. मगावर पांढऱ्या तैलरंगात माझं पूर्ण नाव आणि फोन नंबर. "हरवला तर कळायला नको कुणाचा?" खरं तर तो मजकूर मगासाठी होता की माझ्या जाहिरातीसाठी, याची मला अजून खात्री नाही.

पनवेलहून गाडीत बसलो. आम्ही चौदा जण, आणि एक गिटार, जिने खिडकीची जागा घेतली. कोकण रेल्वेवर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. ते डोंगर फोडणाऱ्यांचे उपकार मला त्या दिवशी कळले, कारण आईचा फोन रोह्यापासून सुरू झाला.

"पोचल्या पोचल्या पाळकबाईंना भेट. त्यांच्या बहिणीची..." बोगदा.

"...बी.एड. झालीय, आणि स्वभावाने इतकी..." बोगदा.

"...वडिलांची काजूची बाग, पण उंची जरा..." पुन्हा बोगदा.

उक्षीच्या पुढचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. तेवढ्यात मी एक डुलकी काढली. कुडाळला उतरलो तेव्हा माझ्याकडे एक बी.एड., एक बाग आणि एक उंची एवढा ऐवज जमला होता. तो एकाच मुलीचा की तिघींचा, हे काही कळलं नव्हतं.

मुक्काम एका शाळेत. बाकं भिंतीला लावून वर्गात गाद्या टाकलेल्या, माझी नेमकी फळ्याखाली. फळ्यावर कुणीतरी 'शांतता राखा' लिहिलं होतं, त्याच्या खाली पोरं रात्री दोनपर्यंत गिटारवर एकाच गाण्याचं धृपद घोळवत होती. साडेचारला आंघोळीची रांग लागली. शंभरेक पोरं, चार न्हाणीघरं, बादल्या भरपूर, पण मग एकही नाही. पंधरा मिनिटांत माझा तांबडा मग साऱ्या परिषदेत प्रसिद्ध झाला. माझं नाव वाचून पोरं अदबीने म्हणायची, "तुमचं झालं की मग द्या हं, काका."

काका! एकाच वयोगटात बसतो आम्ही. फॉर्मवर छापलंय.

बायबल क्विझमध्ये तर कहर झाला. मथुशलह किती वर्षे जगला? आमच्या गटातली पाचही पोरं एकदम माझ्याकडे वळली, जणू दोघं एका वर्गात होतो. "९६९," मी म्हणालो. दहा गुण मिळाले. कुणालाच नवल वाटलं नाही.

संध्याकाळी पेटी-डफावर भजनं झाली. तेवढा वेळ मात्र छान गेला. समुद्रावरून वारा येत होता आणि गिटार कोपऱ्यात पालथी होती. मग पाळकसाहेबांनी सांगितलं की रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या कोकणातले, १८६१ साली करजगावला जन्मलेले, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते. पुढे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आणि लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती हं."

जेवताना शेजारी एक बागायतदार काका बसले. काजूवर बोलत होते. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७, कुणाचं बी मोठं, कुणाला मोहोर कधी. "कसंय, कलम बांधायला रोप कोवळं हवं. जून झालं की कलम जीव धरत नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे नको तितका वेळ पाहिलं. बाग यांचीच असावी. मी आमटीत डोकं घातलं.

स्वयंपाकाच्या मावशी त्या मानाने सरळ. "लगीन झालां?"

"नाही."

"मगे आणखी एक वडो घे."

रविवारी दुपारी कोंबडी-वडे होते, त्यामुळे लग्न नसल्याचा असा भरघोस मोबदला मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला. पाच वडे. सोलकढी वेगळी.

पाळकबाईंच्या बहिणीच्या त्या कुणालाही मी भेटलो नाही. ओळखणार कसा? बी.एड. काही चेहऱ्यावर दिसत नाही.

रात्री घरी पोचलो. आईने दार उघडता उघडता विचारलं, "काय झालं?"

"मग हरवला."

ती दोन मिनिटं बोललीच नाही. नव्वद बोगद्यांना जमलं नव्हतं ते मगाने केलं.

सोमवारी माझ्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून फोटो आला. तांबडा मग, माझं नाव नीट दिसेल असा धरलेला. खाली लिहिलं होतं, 'हा स्वयंपाकघरात राहिला. तुमचाच ना?' मी 'हो, कुरिअर करता का' असं टाइप करत होतो, तोवर आईने फोन हातातून घेतला, चष्मा लावला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग नव्हे, मग धरलेला हात.

"अंगठी नाही," ती म्हणाली. "कुरिअर-बिरिअर काही नको. तू स्वतः जाऊन आण."