काहीतरी वेगळं सुचवा

पुस्तक सुचवणाऱ्याला मानधन नसतं, प्रवासभत्ता नसतो, आणि पुस्तक आवडलं तर श्रेयही नसतं. ते थेट लेखकाच्या खात्यात जमा होतं. नाही आवडलं तर मात्र लेखक सुटतो आणि सुचवणारा सापडतो. "तुम्हीच सांगितलं होतंत ना ते?" हा सवाल लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही अंगावर येऊ शकतो. 'मृत्युंजय', 'ययाति', 'कोसला' आणि पु. ल. या चार खांबांना धरून राहणाऱ्याला काही भीती नाही. ही पुस्तकं लोकांनी वाचलेली असोत वा नसोत, आवडलेली नक्की असतात. खरी परीक्षा सुरू होते ती कुणीतरी "नेहमीचं नको, काहीतरी वेगळं सुचवा" म्हटल्यावर.

या वेगळ्या पुस्तकाच्या अटी मला आता पाठ आहेत. ते गावाकडचं हवं, पण त्यातली माणसं सदाशिव पेठेतलं मराठी बोलणारी हवीत. अस्सल जगण्यातलं हवं, पण रात्री झोप उडवणारं नको. लेखक आपल्या ओळखीच्या वर्तुळाबाहेरचा असावा, पण त्याने आपल्याबद्दल चांगलंच लिहिलेलं असावं. आणि दोनशे पानांच्या आत.

अशा लेखकांना आपण वर्षातले दिवसही नेमून दिले आहेत. ८ मार्चला लेखिका, १४ एप्रिलला दलित आत्मकथन, १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे, ९ ऑगस्टला आदिवासी कवी, आणि जे उरले त्यांची सोय १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी. त्या दिवशी ग्रुपवर पाच मुखपृष्ठांचा फोटो येतो आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. पाडव्याच्या कडुनिंबासारखं हे वाचन: वर्षातून एकदा, डोळे मिटून, आणि वर गुळाचा खडा. पुस्तक उघडायचं मात्र राहून जातं. कर्तव्य म्हणून सुचवलेलं पुस्तक कर्तव्य म्हणूनच कपाटात ठेवलं जातं, असं माझं ठाम मत आहे. ते वाचून हवं असेल तर वाचकाची आधी उलटतपासणी घ्यावी लागते.

"तुम्हाला काय आवडतं?" असं विचारू नये. "सगळंच" हे उत्तर येतं आणि ते खोटं असतं. त्याऐवजी विचारावं, शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं? शेवटचं अर्धवट सोडलेलं कोणतं, आणि साधारण कितव्या पानावर? वाचता कुठे बसून? चष्म्याचा नंबर किती? यातलं अर्धवट सोडलेलं पुस्तक सर्वांत जास्त बोलतं. दहाव्या पानावर सोडलं असेल तर भाषा झेपली नाही. चाळिसाव्या पानावर सोडलं असेल तर नात्यागोत्यांचा गुंता झाला, कोण कुणाची चुलती ते कळेना. निम्म्यावर सोडलं असेल तर मध्ये मुलांच्या परीक्षा आल्या. त्यात पुस्तकाचा काही दोष नाही, तेच पुन्हा देता येतं. लोकलमध्ये दांडा धरून वाचणाऱ्याला एका हातात मावणारं आणि दोन स्टेशनांत प्रकरण संपणारं पुस्तक द्यावं. चष्म्याची चौकशी लोकांना अपमानकारक वाटते. पण "कंटाळवाणं आहे" म्हणून परत आलेल्या पुस्तकांपैकी बरीचशी बारीक टाइपाची असतात, असा मला दाट संशय आहे.

ग्रंथालयशास्त्रात रंगनाथन यांचे १९३१ सालचे पाच नियम आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, असं त्यांत सांगितलं आहे. सुचवणाऱ्याच्या वेळेबद्दल त्यांत अवाक्षर नाही.

उलटतपासणीनंतरचा मोठा धोका लेबलाचा. "ही एका ख्रिस्ती लेखिकेची आत्मकथा आहे, जुनी आहे, महत्त्वाची आहे," असं म्हणून 'स्मृतिचित्रे' पुढे केलं की समोरचा "हो का, छान" म्हणतो आणि विषय पावसावर नेतो. तेच असं सांगून पाहा: नवरा कवी, खिशात पैसा टिकत नाही, राग आला की घरातून निघून जातो, एक दिवस धर्म बदलून मोकळा होतो, आणि बायको हे सगळं अशी सांगते की वाचताना हसू आवरत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक १९३४ पासून भागाभागांनी आलं. विनोदी पुस्तक मागणाऱ्याला ते कुणी का सुचवत नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही. लेखकाची जात, धर्म, जिल्हा हे मुखपृष्ठावरून, नावावरून, प्रस्तावनेतून कळणारच असतं. सुचवणाऱ्याने आत काय घडतं ते सांगावं, तेही दोन वाक्यांत. तिसऱ्या वाक्याला "सामाजिक भान" हा शब्द तोंडात येतो आणि गिऱ्हाईक उठतं.

म्हणून पुस्तकाची गाठ वाचकाच्या आवडीशी घालायची, लेखकाच्या दाखल्याशी नाही. प्रवासवर्णनं वाचणाऱ्या, दर वर्षी युरोपच्या सहलीची माहितीपत्रकं गोळा करणाऱ्या काकांना अण्णा भाऊ साठ्यांचा 'माझा रशियाचा प्रवास' द्यावा. वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबई गाठलेला माणूस पुढे मॉस्कोला जातो, तेव्हा त्याला काय दिसतं हे बघण्यासारखं आहे. घोडदौड, खजिन्याची लूट, इंग्रजांना चकवा असं ज्याला लागतं त्याला त्यांचीच 'फकिरा' ही कादंबरी द्यावी. ती १९५९ सालची आहे, आणि तिच्यात कथानकाला वेग असा आहे की सुरुवातीला कुठलंही प्रवचन न देता नुसती हातात ठेवली तरी चालते. कोकणाची ओढ असलेल्या, म्हणजे फणस, समुद्र आणि मामाचा गाव एवढ्यावर भागवणाऱ्या वाचकाला दोन पुस्तकं आलटून पालटून द्यावीत. एक हमीद दलवाईंची 'इंधन' ही छोटी कादंबरी, १९६५ ची. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला मुस्लिम तरुण आणि त्याचं ते गाव. दुसरं ऊर्मिला पवारांचं 'आयदान' हे आत्मकथन, २००३ चं. त्यात रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर चढून-उतरून जाणाऱ्या बायका पहिल्याच पानांत भेटतात. कोकण तेच, फक्त आंब्याच्या झाडाखाली कोण बसलंय आणि टोपल्या कोण विणतंय, ते दिसायला लागतं.

"आदिवासींवरचं काहीतरी" मागणाऱ्याला काय द्यायचं याचा जरा विचार करावा लागतो. चटकन आठवणारी सगळी पुस्तकं बाहेरून तिथे गेलेल्यांची असतात. आदिवासी कवी वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' या संग्रहातली 'स्टेज' ही कविता नेमकी याच दुखण्यावर आहे आणि एका पानात मावते. आधी ती वाचायला द्यावी. पुढची मागणी वाचक स्वतःच सुधारून करतो.

आता भाषेचं. "बोलीभाषा आहे, कळत नाही हो" ही तक्रार येणार म्हणजे येणारच, आणि तिच्यावर उपाय आहे. पहिली वीस पानं मोठ्याने वाचायला सांगावीत. डोळ्याला अडणारा शब्द कानाला अडत नाही. बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' असं वाचलं तर तिसऱ्या पानापासून आपोआप जातं. त्या फलटणला किराणा दुकान चालवायच्या आणि पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतून वाचायच्या. त्यांच्या वाक्यांना बोलण्याचाच ताल आहे. लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'त कैकाडी बोलीतले शब्द येतात. तिथे थांबून अर्थ शोधत बसू नये, संदर्भाने पुढे जावं. इंग्रजी कादंबरीत पानागणिक चार शब्द न कळता पुढे जाणारा वाचक मराठीत एक शब्द अडला की लेखकावर फिर्याद का करतो, हे त्याला विचारायला हरकत नाही, पण पुस्तक त्याच्या हातात गेल्यावर. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'चा मामला वेगळा. एरवी मी प्रस्तावना वगळायला सांगतो, पण या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे आणि आपल्याला न कळलेल्या शब्दांची कबुली त्यांनीच तिच्यात देऊन टाकली आहे. तेंडुलकरांना अडलं म्हटल्यावर आपल्याला अडण्यात कसली लाज? हा संग्रह कुणाला द्यायचा याचा अंदाज मात्र वयावरून बांधू नये. निवृत्त मुख्याध्यापिका शांतपणे पूर्ण करतात आणि तिशीतला क्रांतिकारक चौथ्या कवितेला पाणी मागतो.

यानंतरची जात भेटते ती "दलित साहित्य वाचलंय मी" म्हणणाऱ्यांची. चौकशी केली तर शाळेच्या पुस्तकातला एक उतारा निघतो, फार तर 'बलुतं'. १९७८ साली ग्रंथालीने दया पवारांचं हे पुस्तक काढलं आणि तेव्हापासून ते अनेकांच्या यादीत एकट्याने पूर्ण समाजाची हजेरी लावत उभं आहे. पु. ल. वाचून कुणी "सारस्वत साहित्य झालं बरं का वाचून" म्हणत नाही. अशा वाचकाला बाबुराव बागुलांचा कथासंग्रह द्यावा, 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३ चा. आत्मकथन नाही, कथा आहेत. त्यामुळे "किती सोसलं बिचाऱ्यांनी" हे ठेवणीतलं वाक्य जागेवर बसत नाही आणि माणूस पहिल्यांदाच कथेबद्दल बोलायला लागतो.

एका वेळी दोनच पुस्तकं सुचवावीत. एक त्याच्या सवयीला धरून, एक पाऊलभर पलीकडचं. पाच नावं दिली की वाचक ती टिपून घेतो, टिपून घेतल्याचं समाधान मिळवतो, आणि वाचायची गरज तिथेच संपते. दहा नावांची यादी तर सरळ पुढे पाठवली जाते, आणि महिन्याभराने ती तुमच्याकडेच "नक्की वाचा" म्हणून परत येते.

अनुवादांबाबत थोडक्यात. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर आहे का, आणि अनुवाद मूळ भाषेतून आहे की इंग्रजीवरून, हे आतल्या पानावर बघावं. उमा कुलकर्णींच्या अनुवादांसारखं कन्नडमधून थेट आलेलं असेल तर निर्धास्त द्यावं. नाही तर मधलं एखादं भांडण काढून वाचावं. अनुवाद फसला असेल तर तो भांडणात उघडा पडतो. धारवाडचा शेतकरी "मी तुझ्याशी सहमत नाही" म्हणायला लागतो. नॅशनल बुक ट्रस्टची 'आदान-प्रदान' माला आणि साहित्य अकादमीचे अनुवाद स्वस्त असतात, फक्त त्यांची मुखपृष्ठं बघून कुणी मोहात पडेल अशी आशा ठेवू नये.

सगळं जुळलं, वाचक तयार झाला, की कळतं पुस्तक बाजारात नाही. म्हणून सुचवण्याआधी प्रकाशकाला एक फोन. "संपलंय" म्हणाले तर आशा आहे, "छापतोय" म्हणाले तर नाही. मग ग्रंथालय. तिथे आत्मचरित्रांच्या मांडणीवर शोधून सापडणार नाही. बऱ्याच ठिकाणी 'दलित साहित्य' असं वेगळं कपाट असतं, त्याला काच आणि कुलूप असतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते जेवायला गेलेले असतात. तेवढा वेळ थांबावं.

आणि मग तो संदेश येतो: "याची पीडीएफ मिळेल का?" दीड हजाराचा पिझ्झा मागवून झाल्यावर विचारतात. यावर चिडू नये, गणित सांगावं. २५० रुपयांचं पुस्तक, दहा टक्के रॉयल्टी, हजाराची आवृत्ती; सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला २५ हजार, आणि त्या खपायला काही वर्षं जातात. गणित ऐकून लोक हळहळतात. हळहळून झाल्यावर विचारतात, "मग तुमचीच प्रत द्याल का?"

द्यावी, पण पहिल्या पानावर पेन्सिलीने नाव आणि तारीख घालून, आणि तारखेचा मोबाईलवर फोटो काढून. तीन आठवडे काही विचारू नये. नंतर "वाचलंत का?" असं विचारलं तर "हो हो, छान आहे" येतं. "कुठवर आलात?" असं विचारावं, म्हणजे खोटं बोलायला पानाचा आकडा शोधावा लागतो. क्वचित एखादा स्वतःहून येतो, डोळे जरा सुजलेले, आणि म्हणतो, "असंच आणखी एक द्या." त्याला लगेच तशाच समाजातलं, तशाच दुःखाचं दुसरं आत्मकथन देऊ नये. त्याला नेमकं काय लागलं ते विचारावं. 'आयदान'मधली आई लागली असेल तर 'जिणं आमुचं'. कोकण लागलं असेल तर 'इंधन'. सांगण्याची गंमत लागली असेल तर 'स्मृतिचित्रे'. आणि हे नाव उच्चारण्यापूर्वी पहिलं पुस्तक परत मागून घ्यावं.