सौजन्य : गुगल

काल बंड्या पोरीचं प्रोजेक्ट नाचवतच कट्ट्यावर आला. सूर्यमाला, अठरा पानं, सगळं कलर प्रिंट. तक्रार अशी की बाईंनी दोन मार्क कापले, का तर फोटो कुठून घेतले ते लिहिलं नाही. "लिहिलंय की!" म्हणत त्याने शेवटचं पान उघडलं. जांभळ्या स्केचपेनने, खाली दोन रेघा मारून : 'सौजन्य : गुगल'.

आमच्यात शाळेत शिकवणारी माई एकटीच. ती शांतपणे पानं उलटत पृथ्वीच्या फोटोवर थांबली. "हा १९७२ चा, अपोलो १७ वाल्यांनी चंद्राकडे जाताना काढलेला. गुगल कंपनी १९९८ ची. जन्माच्या २६ वर्षं आधी जाऊन क्लिक केला का त्यांनी?"

"अगं पण नेटवर पडलेलंच असतं सगळं!"

"तुझी बाईक पण रस्त्यावरच असते, पडलेली म्हणून नेऊ का?"

पुढचं पान तर कहर होतं, शनीच्या कड्यातून आरपार तिरका राखाडी वॉटरमार्क. बंड्या म्हणे, कापणार होतो पण मग कडं पण जात होतं!

माईचं म्हणणं एवढंच की गुगल नुसता वाटाड्या, फोटोवर क्लिक करून मूळ पानावर जा, काढणाऱ्याचं नाव बघ, लायसन्स बघ. नासाचे फोटो बहुतेक मोकळेच असतात, नासाचं नाव टाकलं की झालं. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे काढणाऱ्याने आधीच देऊन ठेवलेली परवानगी, त्यात नुसतं 'बीवाय' दिसलं तर नाव देऊन बिनधास्त वापर, 'एनडी' दिसलं तर कापाकापी करून पुढे फिरवायचं नाही. दहा मिनिटांचं काम आहे हो, मला तर पटलं.

"वर्गातलं प्रोजेक्ट, कोण बघतंय?"

"वर्गापुरतं असतं तर एक वेळ ठीक. तू काल अठराच्या अठरा पानं स्टेटसला टाकलीस. आणि प्रोजेक्ट पोरीचं की तुझं, ते तर मी विचारतच नाहीये."

इथे आमच्या वकिलाला (परीक्षा दोनदा दिली, तेवढ्यावर वकील) कंठ फुटला. माकडाने काढलेल्या सेल्फीवर अमेरिकेत केस झाली होती म्हणे, आणि २०१८ ला कोर्ट म्हणालं, माकडाला कॉपीराइटचा दावा लावताच येत नाही.

"म्हणजे बंड्याला पण नाही लावता येणार," माई.

मग शटरला, म्हणजे आमच्या फोटोवाल्याला, चेव चढला, कारण आमच्या ग्रुपचा डीपी त्याने काढलेला सूर्यास्त, आणि कोपऱ्यातलं त्याचं नाव बंड्याने तीन वर्षांपूर्वी छाटलेलं. वर ट्रायपॉड नेलाय तो अजून परत नाही. विषय शनीवरून ट्रायपॉडवर गेला तो तिथेच राहिला.

रात्री मोबाईल वाजला. बंड्याने ग्रुपचं डिस्क्रिप्शन बदललं होतं : 'फोटो : शटर. परवानगी : मागितली नाही. ट्रायपॉड : सौजन्य शटर.'