लाइट मारून आणलेलं तोंड

कापूस वेचणाऱ्या बाईचा चेहरा एका रंगाचा नसतो. दुपट्टा बांधून पऱ्हाटीत शिरलं की डोळ्यांखालची, कानशिलापर्यंतची पट्टी तेवढी उघडी राहते आणि ऊन तिथंच मुक्काम ठोकतं. माझं कपाळ एका बाईचं, गाल भलत्याच बाईचे. लग्नाच्या फोटोत ते दिसलं आणि नागपूरच्या लेकीनं निकाल दिला, "आई, लाइट मारून आणू तुले."

आमच्या फिडरवर लाइट यायचीच मारामार, अन् इथं पैसे मोजून अंगावर घ्यायची!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे लेझर नाही, आयपीएल आहे. शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा आशेनं वळला, पण क्रिकेटचा काही संबंध नव्हता. हे इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे झटक्या-झटक्यानं मारायचा जोरदार प्रकाश. लेझरचा प्रकाश एकाच रंगाचा. हा मात्र झेनॉनच्या दिव्याचा, साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी मिसळलेला झटका. डागातलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, तो झटका शोषून घेतं, तापतं, आणि डागाची खपली होऊन गळते. खोट एवढीच, की डागातलं मेलॅनिन कोणतं अन् बाईचं स्वतःचं कोणतं, हे त्या प्रकाशाला कळत नाही. सावळ्या कातडीला म्हणून चटके बसतात, फोड येतात, कधी नवेच डाग पडतात.

तर आधी कातडीचा नंबर काढतात. फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९७५ साली, कोण उन्हात भाजतं आणि कोण रापतं, यावरून प्रकार पाडले. पहिले चार गोऱ्यांचेच. पाचवा-सहावा आमच्यासारख्यांसाठी मागाहून जोडला. मी पाचव्यात. रेशनच्या रांगेतही मी एवढी मागं कधी राहिले नाही.

त्यातही गालावरचं निम्मं निघालं वांग. वांगाला लाइट मारली तर ते आणखी चिडतं, त्याला मलमच. कानशिलावरचे डाग तेवढे खास उन्हाचे.

"आधी चार आठवडे ऊन टाळा, नंतरही चार आठवडे," बाई म्हणाल्या. "हिवाळ्यात आलात तर बरं."

"हिवाळ्यात कापूस."

"मग पावसाळ्यात?"

"निंदण."

"उन्हाळ्यात तर शेतात काही नसतं ना?"

"उन्हाळ्यात ऊन असते, मॅडम."

बाईंनी पेन खाली ठेवला.

शेवटी उलंगवाडी, म्हणजे कापसाची अखेरची वेचणी, झाल्यावर मी कूलरसमोर घर धरलं. बाहेर निघायचं तर दुपट्टा, गॉगल आणि वर छत्री. गल्लीतल्या बायका दबक्या आवाजात विचारत, "वयनी, काई मोठं दुखणं निंघालं का?" दुखण्याचं सांगितलं असतं तर निभावलं असतं, गालाचं कोणत्या तोंडानं सांगणार?

लाइट मारायच्या दिवशी आधी एका कोपऱ्यात चाचणी झाली, मग तोंडावर गार जेल आणि डोळ्यांवर झाकणं. झाकणाआडूनही सगळं लाल व्हायचं आणि कानशिलावर लवंगी फुटल्यासारखं चटकन लागायचं. बारीक लव जळाल्याचा वास आला तेव्हा मला वाटलं, झालं, आता लेकीला काय सांगायचं! लेक बाहेर मोबाइल पाहत बसली होती.

असं महिन्या-महिन्यानं तीन-चार वेळा तरी करावं लागतं, हे तिनं मला परतीच्या गाडीत सांगितलं. शिवाय ऊन अडवणारं, एसपीएफ ३०च्या वरचं मलम दर दोन तासांनी. धुऱ्यावर बसून तोंडाला पांढरं फासणारी बाई मजुरांनी आजवर पाहिली नव्हती. आता पाहतात.

खपली धरण्याआधी डाग जास्तच काळे पडतात. हे सासूबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला उजेडात उभं केलं, निरखलं आणि यांना हाक मारली, "अरे, इकडं ये. बायको तुही पैशे देऊन तोंड काळं करून आली."

आठवड्याभरात खपल्या गळाल्या. कानशिलं खरंच उजळली. वांग होतं तिथंच. सासूबाईंनी बोटानं चाचपून पाहिलं, मग हनुवटीवरचे आपले चार केस पुढं केले. "हे जाते का त्यानं?"

लेकीनं फोनवर समजावलं, की आजी, काळा केस असला तर जातो. पांढऱ्यात मेलॅनिन नसते, त्या प्रकाशाला तो दिसतच नाही.

"म्हंजे," सासूबाई म्हणाल्या, "त्या मशीनलेबी म्हातारं माणूस दिसत नाई तं!"