मेफ्टालने अल्झायमर बरा होत नाही, आतोबांना ती गोळी देऊ नका

फॅमिली ग्रुपवर परवा मेसेज आला, तुमच्याकडेही आला असेलच. "पाळीच्या दुखण्यावरची मेफ्टाल अल्झायमर मुळापासून बरा करते, मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांना मेंदूतलं नेमकं प्रोटीन सापडलंय, साठीनंतर रोज एक घ्या, साइड इफेक्ट शून्य, डॉक्टर सांगणार नाहीत." खाली आत्याचा रिप्लाय: "यांना आजपासूनच सुरू करते." आतोबांना बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, म्हणून आधी हे "शून्य" बघू.

मेफ्टाल म्हणजे मेफेनॅमिक ॲसिड, ब्रुफेनच्याच घराण्यातलं पेनकिलर. ते कॉक्स नावाचं एन्झाइम अडवतं म्हणून दुखणं थांबतं, पण पोटाचं अस्तर आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळायलाही तेच एन्झाइम लागतं. म्हाताऱ्या माणसाला टेलमिसार्टनसारखी बीपीची गोळी, जोडीला लघवी वाढवणारी, आणि वर हे रोज दिलं तर किडनी बसू शकते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो तो वेगळाच. अमेरिकेतल्या लेबलवर दुखण्यासाठीसुद्धा साधारण आठवड्याच्या वर घेऊ नका असं लिहिलेलं असतं. आणि २०२३ मध्ये आपल्याच इंडियन फार्माकोपिया कमिशनने या औषधाने होणाऱ्या ड्रेस नावाच्या गंभीर रिॲक्शनबद्दल अलर्ट काढला होता. शून्य म्हणे!

आता ते "नेमकं प्रोटीन". औषध मेंदूत कशाला चिकटतं हे शोधायची एक पद्धत अशी: औषधाचा रेणू बारीक मण्यांना जोडायचा, उंदराचा मेंदू वाटून त्याचा अर्क मण्यांवरून सोडायचा, धुऊनही जी प्रोटीनं चिकटून राहतात ती मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळखायची. त्यातही कितीतरी प्रोटीनं उगाचच चिकटतात, म्हणून अर्कात मोकळं औषध भरपूर घालून परत बघतात, ज्यांचं चिकटणं त्याने कमी होतं ती खरी. आणि खरी निघाली तरी रोगी बरा होतो हे त्यातून सिद्ध होत नाही. मँचेस्टरच्या २०१६ च्या पेपरमध्ये तर वेगळंच आहे, औषध एनएलआरपी३ला (शरीरात दाह सुरू करणारं एक प्रोटीन) थेट पकडत नाही, पेशीच्या आवरणातली क्लोराइडची वाट बंद करतं आणि त्यामुळे एनएलआरपी३ चालू होत नाही.

बरं, त्याच पेपरमध्ये उंदरांची स्मरणशक्ती सुधारली हे मात्र खरं, मान्य. पण औषध मिळालेले उंदीर होते १०, आणि त्यांना महिनाभर कातडीखाली पंप बसवून औषध दिलं होतं. अशी पेनकिलर वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये अल्झायमर कमी दिसतो असं रॉटरडॅमच्या अभ्यासातही आलं होतं, तेही मान्य. म्हणूनच तर अमेरिकेत अडॅप्ट नावाची चाचणी झाली, सत्तरीपुढचे, घरात अल्झायमरचा इतिहास असलेले अडीच हजारांवर लोक, काहींना नेप्रॉक्सेन, काहींना सेलेकॉक्सिब (दोन्ही याच घराण्यातली पेनकिलर), काहींना नुसती खोटी गोळी. हृदयाच्या धोक्याच्या शंकेने २००४ मध्ये औषधं थांबवली, आणि अल्झायमर टळल्याचं काही दिसलं नाही. मेफेनॅमिक त्यात नव्हतं हे खरं, पण माणसांवरच्या चाचणीत घराण्याची ही गत असताना १० उंदरांवरून आतोबांना रोज गोळी?

"डॉक्टर सांगणार नाहीत" यावर काय बोलायचं, तो पेपर नेचर कम्युनिकेशन्समध्ये आहे, कुणालाही फुकट वाचता येतो.