मिठी 'नालाच होता' म्हणणाऱ्यांना काठावरच्या गावांकडून उत्तर

दर पावसाळ्यात कुर्ल्यात पाणी भरलं की एक मेसेज परत फिरायला लागतो, तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचा मतलब थोडक्यात असा: मिठी ही नदी कधी नव्हतीच, सांडपाण्याचा नाला होता, २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर लोक त्याला नदी म्हणायला लागले. काठावर जुनी गावं नव्हती, नुसती दलदल, जे वसवलं ते इंग्रजांनी आणि नंतर एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगराच्या सरकारी विकास प्राधिकरणाने. कुर्ला म्हणजे गोदामं आणि झोपड्या, गिरण्यांचा इतिहास परळ-लालबागचा. बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातली ती ऑफिसं, ओसाड जागेवर उभं राहिलं. आणि पूर येतो तो झोपडपट्टीवाल्यांमुळे.

शिकलेसवरलेले लोक हे शेअर करतात म्हणून राग येतो. मी याच काठावरचा आहे त्यामुळे गप्प बसवत नाही, एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, "नाला होता". साधा प्रश्न, मग १८६० मध्ये इंग्रजांनी विहारचं धरण कशावर बांधलं? १८५० च्या दशकात मुंबई शहरात पाण्याची अशी ओरड झाली की विहिरी आणि तलावांवर भागेना, तेव्हा हेन्री कोनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे साष्टी बेटातल्या (म्हणजे आजची उपनगरं आहेत तिथल्या) या नदीच्या वरच्या खोऱ्यात बांध घातला आणि तिथलं पाणी पाइपने शहरात नेलं. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते इथून. पुढे १८७९ मध्ये तुळशी झालं, ते भरलं की त्याचं पाणी विहारमध्ये येतं, आणि १८९१ च्या सुमारास पवई झालं. विहार आणि पवईचा सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर बाहेर पडणारं पाणी, वाहायला लागला की दोन्ही पाणी खाली एकत्र येतं आणि मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी करत माहीमच्या खाडीत जातं, साधारण १८ किलोमीटर, पाणलोट ७ हजार हेक्टरच्या वर. याला नाला म्हणायचं असेल तर मुंबई तेव्हा नाल्याचं पाणी पीत होती असं म्हणावं लागेल.

उन्हाळ्यात ती नाल्यासारखी दिसते हे मला मान्य आहे, रोज बघतोय. पण का दिसते? डोंगरातून येणारं चांगलं पाणी वरच्या वर अडवलं, ते शहराला दिलं, आणि खालच्या पात्रात उरलं काय तर पावसाळ्यातला सांडवा, भरतीला कुर्ल्यापर्यंत आत येणारं खारं पाणी, आणि बाकी बारा महिने सगळ्यांचं सांडपाणी. म्हणजे आधी नदीचं पाणी काढून घ्यायचं, मग तिच्यात मैला सोडायचा, आणि मग म्हणायचं की बघा, नालाच आहे. हा क्रम मेसेज लिहिणाऱ्याने उलटा केलाय.

आता दुसरा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त लागतो, की काठावर गावं नव्हती.

१८०८ ची गोष्ट घ्या. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत अपोलो बंदराजवळची एक जागा हवी होती, ती होती होरमसजी बमनजी वाडिया यांची. त्या जागेच्या बदल्यात कंपनीने वाडियांना साष्टीतली सात गावं कायमची दिली. गावांची नावं वाचा: कुर्ला, मोहिली, कोले कल्याण, मरोळ, सहार, असल्फा, परजापूर. नकाशा उघडून ही नावं लावून बघा, सगळी मिठीच्या काठाला नाहीतर तिच्या खोऱ्यात आहेत. मुंबईच्या कोटाजवळची मोक्याची जागा देऊन कुणी व्यापारी दलदल घेत नाही हो. तिथे भातशेती होती, सारा भरणारी कुळं होती, म्हणून तो व्यवहार झाला. वर पवईची इस्टेट १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी बनाजींकडे आली, तिथे ऊस आणि निळीची लागवड केलेली होती, गव्हर्नर माल्कम ती बघायला गेले होते.

आणि ही गावं तेव्हाही नवी नव्हती. कोले कल्याण म्हणजे आजचं कलिना, तिथली अवर लेडी ऑफ इजिप्त चर्चची पॅरिश (चर्चच्या हद्दीतली वस्ती) १६०६ पासूनची आहे. कोंडिवट्याचं चर्च १५७९ मधलं, जेझुइटांनी बांधलेलं, ते १८४० मध्ये साथ आली म्हणून गाव सोडावं लागलं तेव्हा ओस पडलं, गावकरी मरोळला सरकले. त्या चर्चच्या भिंती अजून सीप्झच्या, म्हणजे अंधेरीच्या निर्यात उद्योग वसाहतीच्या, आवारात उभ्या आहेत, रोज हजारो लोक कार्ड पंच करून तिथून जातात आणि बहुतेकांना माहीतही नसतं. चर्च कुणासाठी बांधतात, दलदलीसाठी? त्याहून मागे जायचं तर कोंडिवट्याच्याच टेकडीवर महाकालीची लेणी आहेत, बौद्ध लेणी, त्यातलं सगळ्यात जुनं काम इसवीसनाच्या आधीचं धरतात. भिक्खू लोक भिक्षेवर जगायचे, म्हणजे चालत जाता येईल एवढ्या अंतरावर भिक्षा घालणारी घरं असणारच.

धारावी कोळीवाड्याचं तर वेगळं सांगायची गरज पडू नये. खाडीत पाग (फेकायचं जाळं) टाकून बोय, कोळंबी, चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या, यावर पिढ्यान्पिढ्या घरं चालली. त्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे पाणी नाल्याचं होतं का, काय ऐकून घ्यावं लागेल ते बघा. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या, गावठाणांमध्ये अजून ऑक्टोबरात आगेरा होतो, नवीन भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद मागतात. शेतं गेली, काही रनवेखाली गेली, काही इमारतींखाली, त्यामुळे आता लोंब्या बाहेरनं आणाव्या लागतात, पण सण चुकवत नाहीत. ज्या माणसांचं वर्ष भाताच्या हंगामावर चालत होतं त्यांना सांगायचं की इथे काही नव्हतं?

तिसरा मुद्दा इंग्रजांनी वसवल्याचा. इंग्रजांनी या काठावर सुरुवातीला जे बांधलं ते वसाहत नव्हती, किल्ले होते. शीवचा किल्ला १६६९ ते १६७७ मधला. धारावीचा काळा किल्ला १७३७ चा, त्यावरच्या शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आणि साल आहे, जाऊन वाचता येतं. १७३७ हे साल लक्षात ठेवा, त्याच वर्षी मराठ्यांनी ठाणं घेतलं, दोन वर्षांत चिमाजी अप्पांनी वसई घेतली. म्हणजे खाडीच्या अलीकडे इंग्रज आणि पलीकडे आधी पोर्तुगीज आणि मग मराठे. कुर्ला, कोले कल्याण, वांद्रे हे सगळं पलीकडचं. साष्टी इंग्रजांच्या हातात आली ती १७७४ च्या शेवटी. त्यांनी गावं वसवली नाहीत, वसलेली गावं ताब्यात घेतली. नंतर रस्ते जोडले हे खरं आहे आणि ते श्रेय द्यायला माझी ना नाही: शीवहून कुर्ल्याकडे जाणारा रस्त्याचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला, माहीम-वांद्र्याचा १८४५ मध्ये, आणि त्या दुसऱ्यासाठी पैसे सरकारने नाही तर अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दिले, १,५७,००० रुपये. बांध घालायचा तो दोन्हीकडे माणसं आणि मालाची ये-जा असते म्हणूनच ना.

गिरण्यांचं. हे वाचून तर मला खरंच वाईट वाटलं कारण कुर्ल्यातल्या कित्येक घरांत स्वदेशी मिलची पेन्शन, नाहीतर स्वदेशीची थकबाकी, हा रोजचा विषय होता. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर काढा (कुर्ला तेव्हा ठाणे जिल्ह्यात, साष्टी तालुक्यात होतं, मुंबईत नव्हतं). त्यात कुर्ल्यात दोन कापड गिरण्या असल्याचं लिहिलंय, आणि त्यातली धरमसी पुंजाभाई यांची गिरणी ही सबंध मुंबई इलाख्यातली सगळ्यात मोठी सूत-कापड गिरणी होती, ९० हजारांच्या वर चात्या (सूत कातायच्या) आणि बाराशेच्या वर माग. इलाख्यातली सगळ्यात मोठी, आणि ती परळला नाही, लालबागला नाही, कुर्ल्याला! बांधायला ५५ लाखांच्या घरात खर्च आलेली ती गिरणी पुढे बुडाली आणि १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी साडेबारा लाखांना घेतली, नाव ठेवलं स्वदेशी. मशिनरी जुनी, माल खराब, सुरुवातीची वर्षं इतकी वाईट गेली की टाटांना स्वतःचे नागपूरच्या एम्प्रेस मिलचे शेअर विकून पैसा उभा करावा लागला. तरी ती उभी राहिली आणि शंभराहून जास्त वर्षं चालली. ती जागा चुनाभट्टीच्या बाजूला, नदीच्या थोडी पूर्वेला आहे. स्वदेशी हे नाव बंगालच्या फाळणीनंतर गाजलं असं आपण शाळेत शिकतो, इथे वीस वर्षं आधी गिरणीच्या दारावर लागलं होतं.

नंतरचं औद्योगिक कुर्लाही असंच विसरलं गेलंय. मुकुंदचा पोलाद कारखाना इथे, प्रीमियर ऑटोमोबाइल्स इथे, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ज्या कारखान्यातून बाहेर पडल्या तो कुर्ल्याच्या एलबीएस रोडला. कुर्ल्याला स्वतःची नगरपालिका होती, १९५० मध्ये ते बृहन्मुंबईत घेतलं. 'गोदामं आणि झोपड्या' हे त्या गावाचं वर्णन नाहीये, कारखाने बंद पडल्यावर काय उरलं त्याचं आहे. आणि कामगाराला गिरणीच्या, कारखान्याच्या जवळ राहायला घर कुणी दिलं नाही तेव्हा तो जाणार कुठे होता?

बीकेसी ओसाड जागेवर आहे या मुद्द्याला फार वेळ देत नाही. तिथल्या कुठल्याही काचेच्या इमारतीचं भाडेकराराचं किंवा लीजचं कागदपत्र उघडा, जागेचं वर्णन असतं तिथे वाचा: मौजे कोले कल्याण, तालुका अंधेरी. १८०८ च्या यादीतलं तेच गाव. १९७७ मध्ये एमएमआरडीएला इथली विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं आणि मिठीच्या दोन्ही बाजूच्या ३७० हेक्टरच्या आसपास सखल जागेवर भराव टाकत हे उभं राहिलं. सखल होती, खारफुटी होती, भरतीचं पाणी यायचं, हे सगळं बरोबर. पण पाणी पसरायची जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, आणि हा मुद्दा थेट पुढच्या मुद्द्याला लागतो.

पूर झोपडपट्टीमुळे. अतिक्रमण झालंच नाही असं मी म्हणणार नाही, खोटं बोलून आपली बाजू मजबूत होत नाही. काठावर तबेले आहेत, भंगारची गोदामं आहेत, तेलाचे ड्रम धुवून ते पाणी सरळ पात्रात सोडणारे धंदे आहेत, घरंही पात्राला चिकटून आली. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि वर भरती. ते पाणी उतरायला वाट पाहिजे होती. वाटेत काय होतं? विमानतळाच्या रनवेसाठी नदी वळवलेली, ती तिथे काटकोनात वळते, नदीला काटकोन कधी असतो का? मग ती रनवे आणि टॅक्सीवेच्या खालून जाते. त्याच्या पुढे वाकोला नाला येऊन मिळतो तिथे दोन्ही बाजूला बीकेसीचा भराव, म्हणजे जिथे पाणी पसरून थांबायचं ती जागाच उंच करून टाकलेली. सरकारने नेमलेल्या माधव चितळे समितीच्या अहवालात ही वळणं, आवळलेलं पात्र, भराव आणि अतिक्रमणं, सगळं आलेलं आहे. त्यातलं शेवटचं तेवढं उचलायचं आणि आधीचं गाळायचं हे बरोबर नाही. बरं, पाणी शिरलं कुणाच्या घरात? क्रांतीनगर, बैलबाजार, कलिना, कुर्ला. ज्यांच्यावर आरोप तेच बुडाले, आणि जुन्या गावठाणातली घरं पण बुडाली, जी शेकडो वर्षं तिथेच होती आणि इतक्या उंच पाण्याची आठवण कुणाला नव्हती.

आता कुणी म्हणेल जुनं उगाळून काय मिळणार. मिळणार काय ते सांगतो. मुंबईतल्या अनेक गावठाणांचं आणि कोळीवाड्यांचं सीमांकन वर्षानुवर्षं रखडलंय, धारावी कोळीवाड्याचे लोक पुनर्विकासात आम्हाला झोपडपट्टी म्हणून मोजू नका म्हणून भांडतायत. अशा वेळी 'इथे गावंच नव्हती' हे वाक्य लाखभर मोबाइलवर फिरलं की ते नुसतं चुकीचं वाक्य राहत नाही, समोरच्या वकिलाचं काम सोपं करतं. तुमच्या घरात जुना सातबारा असेल, पॅरिशचा बाप्तिस्म्याचा दाखला असेल, गिरणीचा पगारपत्रक-पास असेल, नदीत पोहतानाचा फोटो असेल, तर त्याचा नीट स्कॅन काढून ठेवा, मागे कोण कुठे उभं आहे ते आजी-आजोबा आहेत तोवर लिहून घ्या, आणि तो मेसेज परत आला की त्याच्याखाली टाका.