पद्मिनीगंध

पद्मिनी जातीच्या नायिकेच्या अंगाला कमळाचा गंध येतो, असं जुने रसिक सांगून गेलेत. आमच्या पद्मिनीला पेट्रोलचा येतो. 1964 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 डिलाइट म्हणून अवतरलेली आणि पुढे प्रीमियर पद्मिनी झालेली ही गाडी कोणाच्याही दारात उभी असो, आत बसणारा माणूस पहिल्या मिनिटातच निदान करून मोकळा होतो. मावशी म्हणतात, ‘टाकी फुटली.’ शेजारचे काका म्हणतात, ‘कार्बोरेटर.’ आणि मेकॅनिक म्हणतो, ‘जुनी गाडी आहे शेठ, एवढा वास असायचाच.’

या तिघांत सर्वांत घातक मेकॅनिक. नवी असताना या गाडीला असा वास येत नव्हता, तर आता तो यायचं कारण म्हातारपण नव्हे, गळती. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेते आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या थोडं अलीकडे असलं तरी तिला पुरतं. वर ती हवेपेक्षा जड, त्यामुळे वर उडून जाण्याऐवजी डिकीच्या तळाशी बैठक मारते. अशा गाडीत वास घालवायला डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे उदबत्ती लावणारे महाभाग आहेत. गणपती विघ्नहर्ता आहे हे खरं, पण त्यालाही मर्यादा असतात.

तेव्हा आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा आणि टॉर्च घ्या. तोही आधी पेटवून मगच जवळ न्या. काडी ओढून गळती बघण्याची पद्धत अचूक आहे, पण एकदाच वापरता येते.

नाकावर मात्र फार भिस्त ठेवू नका. पाच मिनिटं बॉनेटमध्ये डोकं घातलं की नाक संप पुकारतं, आणि आपण ‘गेला वाटतं वास’ म्हणून हात धुतो. दहा मिनिटं मोकळ्या हवेत फिरून या, किंवा घरातलं ताजं नाक बोलवा. ते बरोबर सांगतं. शिवाय गाडी कधी विकणार, हेही विचारतं.

खरी मेख अशी की वास कुठून येतो यापेक्षा केव्हा येतो ते आधी विचारावं. टाकी फुल केल्यावरच येतो आणि अर्ध्यावर आली की गायब होतो? मग गुन्हेगार मागे आहे: पेट्रोल भरण्याच्या नळीचा रबरी जोड, किंवा पेट्रोलच्या काट्याचं युनिट टाकीवर बसतं तिथलं पॅकिंग. वळणावर वास येत असेल तर हाच संशय पक्का. काच उघडी ठेवून पळताना येतो? धावत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि डिकीचं रबर गेलेलं असलं की मागची वाफ, धूर, सगळं आत ओढलं जातं. सकाळी गार गाडी सुरू करताना येतो? चोक आत ढकलायचा राहिलाय का, एवढं बघा आणि गप्प बसा.

चालू इंजिनवर येणारा वास मात्र टाकीतलं पेट्रोल पुढे ढकलणाऱ्या पंपापाशी नेतो, आणि इथे घाई करू नये. हा पंप यांत्रिक, इंजिनच्या कॅमवर चालणारा. त्यातला रबरी पडदा, म्हणजे डायाफ्राम, फाटला की पेट्रोल खालच्या बारीक भोकातून टपकतं किंवा गुपचूप इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघा. आयुष्यभर ऑइल पिणारी गाडी एकाएकी ऑइल वाढवून दाखवू लागली, तर तो दैवी चमत्कार नसतो. डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच उभी ठेवा, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खातं. नवा डायाफ्राम टाकताना सगळे स्क्रू आधी सैल लावायचे, पंपाचा लिव्हर पूर्ण दाबून धरायचा, आणि मगच समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळायचे. लिव्हर न दाबता आवळला तर पडदा ताणून बसतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा फाटतो. सोबत ऑइल बदला. ते वाचवणारे पुढे इंजिन काढतात.

नळ्यांचं प्रकरण अलीकडे जास्त चिघळलंय. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल या गाडीच्या जन्मकुंडलीत नव्हतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, मग वाळून तडकतं. वरून कापडी विणीची नळी धडधाकट दिसते. ती वाकवून बघा, टोकाशी भेगा दिसतील. नवी घेताना अंगावर ‘एसएई जे30 आर9’ (असं पेट्रोल सोसणाऱ्या नळीची खूण) छापलेली मागा. दुकानदार पारदर्शक प्लॅस्टिकची नळी पुढे करेल, ‘पेट्रोल वाहताना दिसतं’ म्हणेल. ती कडक होऊन जोडातून निसटते, आणि मग पेट्रोल खरोखरच वाहताना दिसतं. क्लिप बेताने आवळा, जोर लावला की ती रबर कापते.

गाडी उभी असतानाही कार्बोरेटरवर ओल दिसत असेल तर नीडल व्हॉल्व्ह किंवा फ्लोट: पहिला म्हणजे आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई, दुसरा म्हणजे पेट्रोलवर तरंगत तिला वर ढकलणारा पोकळ डबा. फ्लोट पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले की भोक सापडलं. आतलं पेट्रोल पूर्ण काढूनच डाग (सोल्डर) द्या, तोही कमीत कमी. डाग जड झाला की फ्लोट खाली बसतो आणि पेट्रोलची पातळी वर चढते. यांत्रिक पंप काढून कुठल्याशा इंजेक्शन गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवणाऱ्यांविषयी मी सभ्य भाषेत काही लिहू शकत नाही. कार्बोरेटरला तीन-साडेतीन पीएसआय दाब पुष्कळ होतो, तो पंप चाळीसच्या वर देतो. बिचारी नीडल काय अडवणार?

टाकीला बारीक भोक असेल तर धुण्याच्या साबणाची वडी त्यावर घासा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घरी पोचेपर्यंत निभावतं. पण महिनोन्महिने साबणावर गाडी चालवणाऱ्यांना गाडी धुण्याचं पुण्य लागत नाही. टाकी काढून डाग देणाऱ्याकडे न्या. ‘रिकामीच आहे’ म्हणून कोणाला वेल्डिंग करू देऊ नका: भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त उडते, कारण तिच्यात नुसती वाफ आणि हवा असते. आधी धुऊन, पाण्याने भरून घेणारा कारागीर शोधा. पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्स्याही 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे असे हात आता हुडकावे लागतात.

सगळं बदलून झाल्यावरही वास येतोच, आणि इथे माणूस खचतो. मॅटखालचा नमदा उचला, डिकीतला तर आधी. त्याने वर्षभराचं पेट्रोल पिऊन ठेवलेलं असतं. उघड्यावर वाळवा, नाहीतर सरळ फेका. डिकीतल्या कोपऱ्यात तेलकट फडकं आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून ठेवलेला पेट्रोलचा कॅनही सापडेल. तापलेलं इंजिन बंद केल्यावर दहाएक मिनिटं बॉनेटपाशी हलका वास येतो, तेवढा माफ. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उष्णतेने उकळत असतं. तो गाडीच्या आत शिरला तर डॅशबोर्डमागच्या पत्र्याला वायरी जातात त्या भोकांतले रबर बघा. बहुतेक एकही जागेवर नसतो.