दहा इंची करवत पुरेशी का ठरते : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

घरातील बेसबोर्ड (भिंतीच्या तळाची पट्टी), दारा-खिडक्यांची केसिंग (चौकटीभोवतीची पट्टी) आणि छताखालची क्राउन मोल्डिंग (भिंत आणि छत यांच्या सांध्यावरची नक्षीदार पट्टी) स्वतः बसवणाऱ्याने १० इंची पात्याची, न सरकणारी आणि एकाच बाजूला कलणारी कंपाउंड मायटर सॉ (टेबल वळवून आणि पाते कलवून तिरपे काप घेणारी विजेची करवत) घ्यावी, अशी शिफारस मी केली होती. तिच्यावर आपण स्पष्ट शब्दांत हरकत घेतली आहे. आपले म्हणणे असे की, घ्यायचीच तर १२ इंची, दोन्ही बाजूंना कलणारी आणि सरकती करवत एकदाच घ्यावी. आपल्या मते लहान करवतीवर रुंद पट्टी कापली जात नाही, एका बाजूला कलणाऱ्या यंत्रावर क्राउनचे निम्मे काप अशक्य असतात, आणि कापाची रेघ दाखवणारा लेझर नसलेले यंत्र नवशिक्याला सुचवणे हा बेजबाबदारपणा आहे. आपण इतक्या बारकाईने वाचून लिहिलेत याबद्दल आभार. यांतील एका मुद्द्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, उरलेल्यांशी नाही.

क्राउनच्या कापांपासून सुरुवात करतो, कारण तो समज फार पसरलेला आहे. ५२ आणि ३८ अंशांची (मागची बाजू छताशी ५२ आणि भिंतीशी ३८ अंश करणारी) क्राउन मोल्डिंग आडवी ठेवून ९० अंशांच्या कोपऱ्यासाठी कापायची असेल तर टेबल ३१.६ अंशांवर आणि पाते ३३.९ अंशांवर कलते ठेवावे लागते. पाते फक्त डावीकडे कलत असले तरी चारही काप घेता येतात. बदलायची असते ती फेन्सला (टेबलाच्या मागच्या उभ्या आधाराला) टेकणारी कड आणि टेबलाची दिशा. आतल्या कोपऱ्याच्या डाव्या तुकड्यासाठी मोल्डिंगची छताकडची कड फेन्सला लावून टेबल उजवीकडे वळवावे, उजव्या तुकड्यासाठी भिंतीकडची कड फेन्सला लावून टेबल डावीकडे वळवावे, आणि दोन्ही वेळा पात्याच्या डावीकडचा तुकडा वापरावा. बाहेरच्या कोपऱ्याला डाव्या तुकड्यासाठी भिंतीकडची कड आणि डावीकडचे टेबल, उजव्या तुकड्यासाठी छताकडची कड आणि उजवीकडचे टेबल, आणि वापरायचा तो पात्याच्या उजवीकडचा तुकडा. दोन्ही बाजूंना कलणाऱ्या यंत्रावर पट्टी कमी वेळा फिरवावी लागते, हा फायदा खरा आहे, आणि रोज पाच खोल्या उरकणाऱ्या व्यावसायिक सुताराला त्याचे मोल निश्चितच आहे. वर्षाकाठी एखादी खोली करणाऱ्याने वरचे चार काप टाकाऊ तुकड्यांवर घेऊन, त्यांवर पेन्सिलीने खुणा करून ते करवतीजवळ टांगून ठेवले की त्याचे काम भागते.

शिवाय घरगुती मापाची, म्हणजे ३⅝ इंचांच्या आसपासची क्राउन आडवी कापण्याची गरजच सहसा पडत नाही. ती उलटी धरून, फेन्स म्हणजे भिंत आणि टेबल म्हणजे छत असे मानून, प्रत्यक्षात बसणार त्याच कोनात टेकवली की पाते न कलवता साध्या ४५ अंशांच्या कापावर काम होते.

रुंदीबद्दल आपली हरकत अर्धी खरी आहे. १० इंची न सरकणारी करवत सरळ कापात साधारण ५½ इंच आणि ४५ अंशांच्या मायटरमध्ये (टेबल वळवून घेतलेल्या तिरप्या कापात) साधारण ३½ इंच रुंदी घेते. केसिंग बहुधा २¼ ते ३½ इंच असते, म्हणजे तिची अडचण नाही. ५¼ इंचांचा बेसबोर्ड फेन्सला उभा टेकवून या करवतीवर कापता येत नाही. पण तो टेबलावर आडवा ठेवून पाते ४५ अंश कलवले की व्यवस्थित कापला जातो. ७¼ इंचांचा बेसबोर्ड, जिन्याच्या पायऱ्यांच्या किंवा रुंद कपाटांच्या फळ्या ज्यांना कापायचे आहेत त्यांनी मात्र सरकतीच घ्यावी.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सांधा जुळतो की फटतो हे पात्याच्या व्यासावर ठरत नाही. २¼ इंच केसिंगचे दोन तुकडे प्रत्येकी अर्ध्या अंशाने चुकले, तर सांध्यात एकूण एका अंशाचा फरक पडतो आणि त्याच्या एका टोकाला जवळजवळ १.४ मिलिमीटर फट दिसते. ही चूक बारा इंची महागडी करवतही तितक्याच सहजतेने करते, कारण तिचे मूळ बहुतेक वेळा फेन्स पात्याशी गुण्यात (काटकोनात) नसण्यात असते. कारखान्यातून आलेले यंत्र बरोबरच असेल असे धरून चालू नये. एक रुंद सरळ फळी ९० अंशांवर कापावी, एक तुकडा पालथा करून दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना भिडवाव्यात. जी फट दिसेल ती मूळ चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे डोळ्याला ती लगेच कळते. फेन्सचे स्क्रू सैल करून ती शून्यावर आणायला फार वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट पात्याची. यंत्रासोबत येणारे पाते सहसा कमी दात्यांचे, बांधकामाची लाकडे कापण्यासाठी केलेले असते. १० इंची ८० दात्यांच्या पात्यावर दोन दात्यांतील अंतर साधारण १० मिलिमीटर असते. १२ इंची पात्यावर तेवढेच अंतर हवे असेल तर ९६ दाते लागतात, आणि ते पाते अर्थातच जास्त महाग पडते. धुरीत (पाते ज्यावर बसते त्या फिरत्या दांड्यात) तेवढाच दोष असला तरी मोठ्या पात्याची कड सुमारे २० टक्के जास्त डगमगते, कारण ती केंद्रापासून तितकी लांब असते. करवतीवर वाचलेले पैसे चांगल्या पात्यावर घालावेत, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

सरकती करवत वाईट असते असा माझा दावा नाही. पण तिचे दांडे मागे सरकणारे असतील तर भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी लागते, आणि न्यू जर्सीतील टाउनहाउसच्या एका गाडीच्या गॅरेजमध्ये ही जागा म्हणजे खरी अडचण असते. वजनही २५ किलोच्या पुढे जाते. लहान करवत १५-१६ किलोंची असते आणि एक माणूस ती ज्या मजल्यावर काम चालू आहे तिथे नेऊ शकतो. प्रत्येक कापासाठी दोन जिने चढ-उतार करणारा माणूस थकतो आणि मग मापे चुकवतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. १६ फुटी पट्टीची दोन्ही टोके टेबलाच्या पातळीत टेकलेली असणे हे तर सरकत्या दांड्यांपेक्षा कितीतरी अधिक गरजेचे आहे.

लेझरबाबत एवढेच की, एका किरणाचा लेझर पात्याची एकच बाजू दाखवतो आणि धक्क्याने सरकतो. पात्यावर प्रकाश टाकून त्याची सावली पट्टीवर पाडणारा दिवा जास्त भरवशाचा असतो, कारण सावलीच्या दोन्ही कडा म्हणजेच कापाच्या दोन्ही कडा.

आपल्या घरी आतल्या कोपऱ्यांचे सांधे दर हिवाळ्यात उघडतात, असे आपण लिहिले आहे आणि त्याचा दोष लहान करवतीला दिला आहे. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातील हवा कोरडी होते, लाकूड आक्रसते आणि दोन ४५ अंशांचे काप एकमेकांपासून दूर जातात. शिवाय ड्रायवॉलच्या (जिप्समच्या तावांच्या भिंतीच्या) कोपऱ्यात टेप आणि सांधे भरायच्या लेपाचा थर साचल्याने कोपरा क्वचितच नेमका ९० अंशांचा असतो. यावर मोठी करवत हा उपाय नाही. एक पट्टी कोपऱ्यापर्यंत सरळ कापून बसवावी, दुसरीवर ४५ अंशांचा काप घ्यावा आणि दिसणाऱ्या नक्षीच्या रेघेवरून कोपिंग सॉने (बारीक पात्याच्या हातकरवतीने) मागे झुकता काप द्यावा. असा सांधा लाकूड थोडे आक्रसले तरी डोळ्यात भरत नाही. बाहेरच्या कोपऱ्याला मात्र कोनमापक लावून प्रत्यक्ष कोन मोजावा आणि त्याचा अर्धा कोन करवतीवर घ्यावा. भिंत ९१ अंशांची असेल तर ४५.५.

आपल्या दिवाणखान्यात ५¼ इंचांची क्राउन बसवायची आहे, असा उल्लेख आपण केला आहे. ती बहुतेक लहान करवतींवर उभी बसणार नाही. आडवी ठेवली तरी टेबल ३१.६ अंशांवर वळवल्यावर १० इंची न सरकणाऱ्या करवतीवर तिची पूर्ण रुंदी कापली जाणार नाही. म्हणून त्या एका शनिवार-रविवारपुरती १२ इंची सरकती करवत भाड्याने आणावी. भाड्याच्या यंत्रावरचे पाते बहुधा बोथट झालेले असते, म्हणून १२ इंची नवे पाते स्वतःचे न्यावे, दुकानातून निघण्यापूर्वी त्याचे भोक धुरीला बसते का ते पाहावे, आणि घरी आल्यावर पहिली पट्टी कापण्याआधी फेन्स गुण्याने तपासावी.